मुख्याध्यापकांना कामगिरीवर बोनस दिला तर शाळा सुधारेल का?
नुसत्या बोनसने नाही सुधारणार, आधी त्या माणसाला वेळ द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर मुलं असली तरच वेगळा मुख्याध्यापक मिळतो, बाकी झेडपीच्या छोट्या शाळांत सीनियर गुरुजीच चार्ज सांभाळतात, म्हणजे वर्ग पण घ्यायचा, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरायची आणि मधेच मीटिंगला तालुक्याला पळायचं. आमच्या मॅडम तिसरीला वजाबाकी लिहून द्यायच्या आणि दारात उभ्या राहून तांदळाची पोती मोजून घ्यायच्या, दुसऱ्या शिक्षकाचा तास बघायला जाणार कधी? मूल्यमापन हवंच, पण केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, फक्त रजिस्टर न तपासता वर्गात अर्धा तास बसावं आणि नंतर मोकळेपणाने बोलावं, तेच खरं पाठबळ. पैशांचं म्हणाल तर आंध्रात शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर बोनस देऊन बघितला होता, गणित आणि भाषेत फरक पडला, पण तिथे मुलं कुठून कुठे गेली हे मोजलं होतं. नुसता निकाल मोजाल तर दुर्गम पाड्यावरचा हेडमास्तर कायम मागेच राहणार आणि कच्च्या मुलांना कोणी दारात उभं करणार नाही, याची मला खरंच भीती वाटते.