म्युनिकच्या पगाराची बोलणी: “जास्त मागितले तर हावरट वाटेल का?”

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्युनिकच्या एका कंपनीने व्हिडिओ कॉलवर वर्षाला ६२,००० युरो असं तोंडी सांगितलं, तुम्ही ‘चालेल, थँक यू’ म्हणून मोकळे झालात, लेखी ऑफर अजून यायची आहे आणि शुक्रवारी एचआरचा पुन्हा फोन आहे. आता जास्त मागितले तर हावरट वाटेल का, आणि तसं वाटून ऑफर काढून घेतील का? बायको आणि तिसरीतला मुलगा बरोबर येणार आहेत. अनुभव नऊ वर्षांचा.

ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांना मिळणारा युरोपातल्या नोकरीचा परवाना), व्हिसाची कागदपत्रं, पगाराची किमान मर्यादा हे सगळं वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे. ते इथे लिहीत नाही.

ऑफर काढून घेत नाहीत. फार तर ‘नाही’ म्हणतात, आणि पुढच्या वाक्यात रुजू होण्याची तारीख विचारतात. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण तुमचा तो ‘हावरट’ काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून पुढचं लिहितेय. लांबणार आहे.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आमच्या घरात पगार कधी कुणी मागितला नाही, तो वेतन आयोग ठरवायचा. पाचव्या आयोगाच्या थकबाकीतून फ्रिज आला, सहाव्याच्या थकबाकीतून माझ्या लग्नाचा हॉल. ‘मला इतके हवेत’ हे वाक्य मी घरात कुणाच्या तोंडून ऐकलेलंच नाही. आणि पैशाचं बोलणं निघालंच, तर ज्याचा विषय तो माणूस खोलीत नसायचा. लग्नाच्या बैठकीत नवरामुलगा तोंड उघडतो का? मामा बोलतो, आणि बेधडक बोलतो, कारण तो स्वतःसाठी मागत नसतो. पगाराच्या फोनवर आपल्याला मामा नसतो, ही खरी अडचण आहे.

तुम्ही म्हणाल, हिंजवडीत तर सगळे घासाघीस करतात. करतात, पण कशी ते बघा. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, त्यात एक ऑफर हातात घ्यायची, ती दुसरीकडे दाखवायची, दुसरीची तिसरीकडे. तिथे कुणी ‘मला इतके हवेत’ म्हणत नाही. ‘मला तिकडे इतके देतायत’ म्हणतो. म्हणजे तिथेही मामा आहेच, कागदाचा. मी स्वतः पुण्यात तीन कंपन्या बदलल्या आणि एकदाही माझ्या कामाची किंमत माझ्या तोंडाने सांगितली नाही. चालून गेलं.

इकडे जर्मनीत ते चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं पत्र पुढे सरकवलंत तर समोरची बाई शांतपणे म्हणेल, मग तिकडे जा. टोमणा नसतो तो. तिला एवढंच कळतं की तुम्हाला तिकडे जायचंय. ती विचारते ते वेगळंच: तुमची अपेक्षा किती, वर्षाला, कर कापायच्या आधी, आणि का? त्या ‘का’पाशी आपण अडकतो. ‘घरभाडं जास्त आहे’ हे उत्तर नाही. ‘या कामात मी हे हे करून दाखवलंय, आणि म्युनिकमध्ये या कामाला इतके मिळतात’ हे उत्तर आहे. तुमच्या नऊ वर्षांच्या अनुभवाला ६२ मला तरी कमी वाटतात. मी असते तर ७२ म्हटलं असतं आणि ६८ ला थांबले असते.

तुमचा बाणेरचा कन्सल्टंट सध्याचा सीटीसी आणि तीन पे-स्लिप मागतोय म्हणालात. जर्मन कंपनीला त्याची गरज नाही. तुमचा पुण्याचा आकडा कळला की तिथले लोक मनातल्या मनात भागाकार करतात आणि तुमची किंमत तिथेच ठरते. युरोपीय संघाचा २०२३ चा एक निर्देश आहे, सदस्य देशांनी जून २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा: उमेदवाराला पगाराचा पट्टा (किमान किती ते कमाल किती) आधी सांगायचा आणि आधीचा पगार विचारायचा नाही. तेव्हा ‘या जागेचा पट्टा काय आहे?’ हा प्रश्न तुम्ही विचारणं यात उद्धटपणा काही नाही.

भागाकार ते करतात तसा आपण गुणाकार करतो. युरो शंभराच्या आसपास, म्हणजे बासष्ट लाख! तिथे जीभ टाळूला चिकटते. बासष्ट लाख देणाऱ्या माणसाकडे अजून कसं मागायचं? म्हणून त्या आकड्याला लाखात आणू नका, महिन्यात आणा. ६२,००० चे हातात महिन्याला साधारण ३,२०० ते ३,६०० पडतील, कर-वर्ग (लग्न झालंय का, जोडीदार कमावतो का यावरून ठरणारा कर कापण्याचा गट) कुठला लागतो त्यावर. पेन्शनचे ९.३ टक्के तुमच्या वाट्याचे, त्यावर आरोग्य विमा, बेकारी विमा, मग आयकर. तीन खोल्यांचं घर हीटिंगसकट दीड हजारात मिळालं तर नशीब समजा. तीन भाड्यांपर्यंत डिपॉझिट. आणि घरात बहुतेक वेळा किचन नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू काढून नेतो किंवा तुम्हाला विकतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस मी बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले.

एक गोष्ट शुक्रवारच्या आधी नक्की विचारा: कंपनी कामगार संघटनेच्या करारात येते का? वाहन उद्योगातली असेल तर बरेचदा ‘आयजी मेटल’ या संघटनेचा करार असतो. मग आकड्यावर घासाघीस होत नाही. पगाराचे गट ठरलेले असतात, आणि बोलणी करायची ती कुठल्या गटात घालताय याची. एक गट वर गेलात तर जो फरक पडतो तो तुमच्या कुठल्याही वक्तृत्वाने पडणार नाही. आठवडा ३५ तासांचा की ४० चा, तेही तिथेच विचारा. ३५ चा पगार ऐकून ४० तास काम करणारे आपले लोक मी पाहिलेत. करारात नसेल तर वर्षाला पगाराचे हप्ते १२ की १३, रजा किती (कायद्याने किमान २०, पण ३० सर्रास देतात) आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशननंतर पगाराचा फेरविचार लेखी देतील का, ते विचारा. सही झाल्यावर काही होत नाही. पुण्यात जॉइनिंगच्या दिवशीही ‘बघू, करून घेऊ’ असतं, तसं इथे अजिबात नाही.

आणि पगाराच्या ओळीत नसलेलं मागा. सामानाचा आणि विमानाचा खर्च, पहिल्या दोन-तीन महिन्यांचं घर, बायकोच्या जर्मनच्या वर्गाची फी. घर मागताना एक अट घाला: घरमालक नोंदणीसाठी लेखी दाखला देणार असला पाहिजे. आम्हाला मिळालेल्या तात्पुरत्या घराच्या मालकाने तो दिला नाही. दाखला नाही म्हणून पत्त्याची नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून कराचा क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून पहिल्या पगाराला सहावा कर-वर्ग लागला. सहावा म्हणजे सगळ्यात वाईट. पैसे पुढे परत मिळाले, पण तो आकडा बघून नवऱ्याने काही न बोलता लॅपटॉप मिटला होता.

मग नाव. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं अशी दोन्ही नावं आहेत, आपल्याकडे असतात तशी. पदवीवर माझं आणि बाबांचं, वर माहेरचं आडनाव. इथल्या कारकुनाच्या मते या दोन वेगळ्या बायका होत्या. विवाह नोंदणीचा दाखला, त्याचं शपथपूर्वक भाषांतर, मग भाषांतरात एक अक्षर वेगळं पडलं म्हणून पुन्हा भाषांतर. यातून जे एक नाव पक्कं झालं ते पासपोर्टवरचं. तेव्हापासून दर महिन्याच्या पगारपत्रकावर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव छापून येतं. पगार माझा आणि नोकरी सोडून आला तो. त्याला हसू येतं म्हणतो.

मुलगा तिसरीत आहे म्हणालात. आम्ही आलो तेव्हा माझाही तिसरीतच होता, म्हणून हे जरा सविस्तर. बव्हेरियात चौथीनंतर मुलांची विभागणी होते. चौथीत मे महिन्यात एक दाखला मिळतो, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी. एक म्हणजे उत्तम, सहा म्हणजे नापास. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर जिमनाझियम, विद्यापीठाकडे जाणारी सरळ वाट. २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. माझ्या मुलाला गणितात एक, परिसर अभ्यासात तीन, जर्मनमध्ये चार. बेरीज आठ, भागिले तीन. जर्मन शिकायला लागून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. शिक्षिका चांगली होती, प्रेमळ होती. पहिलीतल्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही दोघं बसलो, तिने समजावलं, आम्ही मान डोलावली, आभार मानले आणि बाहेर आलो.

पुढच्या वर्षी एका तुर्की आईकडून कळलं की पहिलीपासून इथल्या शाळेत नसलेल्या परभाषक मुलांसाठी नियमातच सवलत आहे. कमतरता भाषेची आहे आणि ती भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर सरासरी ३.३३ पर्यंत चालते. शाळेने आम्हाला हे सांगितलं नव्हतं. शिक्षिकेला ठाऊक नव्हतं, की तिला वाटलं नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मुलगा आता पंधराचा आहे, मजेत आहे, रेआलशूलेनंतर पुढची वाट असते आणि ती त्याला माहीतही आहे. तो विषय त्याच्यासाठी कधीच संपला. मला मात्र ती खुर्ची अजून आठवते. तुम्ही मुलाला आणणार असाल तर रुजू होण्याची तारीख शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरला, जुळवून मागा आणि निघण्याआधी त्याला जर्मन सुरू करून द्या, पुण्यात वर्गांना तोटा नाही. काही कंपन्या इंटरनॅशनल शाळेची फी देतात, वर्षाला वीस हजार युरोंच्या वर असते ती. विचारून बघा. नाही म्हणतील.

एकटेपणाबद्दलही विचारलंत. असतो. पहिल्या वर्षीचा नोव्हेंबर वाईट जातो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. पुढे चला.

आता पगाराचं जे मी इथे सहसा कुणाला सांगत नाही ते. रुजू होऊन बरीच वर्षं झाल्यावर कँटीनमध्ये एक सहकारी सहज बोलून गेला. तोही पुण्याचा, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेला, काम तेच, अनुभव कमी. त्याचा पगार माझ्याहून बराच जास्त होता. मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, त्याने मागितले होते. एवढंच. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२३ मध्ये, एरफुर्टच्या केंद्रीय श्रम न्यायालयाचा निकाल आला. एका बाईला कंपनीने ३,५०० युरो देऊ केले, तिने घेतले. तिच्या पुरुष सहकाऱ्यालाही सुरुवातीला ३,५०० च सांगितले होते, तो अडून बसला आणि ४,५०० वर आला. न्यायालयाने सांगितलं, त्याने चांगली बोलणी केली हे तिला कमी देण्याचं कारण होऊ शकत नाही. मी कोर्टात गेले नाही. निकालाचा छापील कागद घेऊन मॅनेजरकडे गेले आणि पगार वाढला. बघा, शेवटी कागदाचाच मामा लागला.

त्यानंतर मात्र मी स्वतःच मामा व्हायला शिकले. दरवर्षीच्या पगाराच्या बोलणीआधी मी एका कागदावर लिहिते, आज मी कुणासाठी मागतेय. पहिल्या वर्षी नवऱ्याचं नाव लिहिलं होतं. तो चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत होता, हाताखाली तीस माणसं होती. इथे तो दोन वर्षं जर्मनच्या वर्गांना गेला, मुलाला शाळेत सोडलं, आणि मग एका गोदामात नोकरी धरली. आता बरं काम आहे त्याला, पण चाकणसारखं नाही. ऑफरच्या पत्रात त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि माझ्या त्या पहिल्या फोनवरही नव्हती. बाबा अजून विचारतात, हातात किती येतात? मी खरा आकडा सांगत नाही, थोडा कमी सांगते. जास्त सांगितला तर त्यांना वाटेल सगळं सार्थकी लागलं, आणि ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नाही.

असो. शुक्रवारी फोनच्या सुरुवातीलाच सांगा की मागच्या वेळी तोंडी आकडा ऐकला, त्यावर विचार केला आणि माझी अपेक्षा अमुक आहे. ‘सॉरी’ म्हणू नका. आकडा सांगून झाल्यावर समोरून बराच वेळ आवाज येणार नाही, ती टिपून घेत असते. त्या वेळात ‘पण थोडं इकडेतिकडे चालेल’ म्हणू नका, आपल्याकडची निम्मी माणसं तिथेच दोन-तीन हजार घालवतात. त्याच दिवशी ईमेलवर सगळं लेखी मागा.

आणि एक मला विचारायचंय. तुमच्या प्रश्नात बायको बरोबर येणार एवढंच आहे. ती काय काम करते, इकडे तिला तेच करता येणार आहे का, आणि हा ६२ चा आकडा ऐकून ती काय म्हणाली, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, मग किती मागायचे ते नक्की करू.