तसंही झाडच दिसतं

प्रश्न : मी ठाण्यात राहते, वय 47. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाई (वय 78) पाच महिने अंथरुणावर आहेत. दिवसभर हाका मारतात, काहीही केलं तरी चिडचिड. नणंद फक्त फोनवर चौकशी करते. डोकं शांत व्हावं म्हणून मी दर रविवारी पहाटे येऊरच्या जंगलात जाते, रात्री फुलांचे व्हिडिओ बघते. बरं वाटतं, पण घरात आलं की दहा मिनिटांत सगळं संपतं. त्यांची खोलीही लहान. औषधं-डायपरचं कपाट खिडकीला लावावं लागलंय, तिथून तसंही ताम्हणाचं झाडच दिसतं. माझी शांतता टिकत का नाही?

उत्तर : ताई, पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'तसंही'पाशी अडले. 'तसंही झाडच दिसतं' म्हणे!

मे महिना चालू आहे. ताम्हण ऐन बहरात असेल. चुरगळलेल्या मलमलीसारख्या जांभळ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. महाराष्ट्राचं राज्यफूल तुमच्या खिडकीशी फुललंय आणि जिला कूसही बदलता येत नाही ती बाई पाच महिने लोखंडी कपाटाचं दार बघतेय. मला राग आला, खरंच सांगते. झाडं बघून जीव शांत होतो हे तुम्हाला पुरतं ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही पहाटे उठून येऊर गाठता. मग त्यांना नको होय?

रॉजर उलरिच नावाच्या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. 1984 साली 'सायन्स'मध्ये त्याने निष्कर्ष छापले : झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची जहाल औषधं कमी लागली. मला मात्र त्यातली तिसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. परिचारिकांनी लिहिलेल्या नोंदींत भिंतीवाल्यांबद्दल 'रडतात', 'अस्वस्थ आहेत' असे शेरे कितीतरी जास्त होते. तुमच्या सासूबाईंच्या हाका आठवल्या ना?

खुबा झाडाने जुळणार नाही, हाकाही एकदम थांबायच्या नाहीत. पण हलत्या फांदीवर नजर आपसूक रेंगाळते, तेवढा वेळ मनाला दुखण्यापासून सुट्टी मिळते. खारी, बुलबुल, वाऱ्याने गळणारी पाकळी. दिवसभरात बघायला काहीतरी घडत राहतं. आत्ता त्यांच्या दिवसात घडणारी एकमेव गोष्ट तुम्ही आहात, म्हणून त्या तुम्हालाच हाका मारतात.

नणंदेबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. या रविवारी येऊरला जाऊ नका. शेजारची दोन धडधाकट पोरं बोलवा आणि ते कपाट हलवा. हॉलमध्ये ठेवा. पाहुण्यांना डायपर दिसतील, दिसू देत.

खाट सरकवली की आधी स्वतः तिच्यावर उताणं पडून बघा. उभ्याने झाड दिसतं, पडल्यावर नुसता पंखा दिसतो, असं फार घरांत होतं. फांदी दिसेपर्यंत खाट फिरवा, डोक्याखाली उशी वाढवा. मग त्यांना आणा, आणि संध्याकाळचा चहा तुम्हीही तिथेच बसून घ्या.

आणि ओलं फडकं आधीच हाताशी ठेवा. त्या काचेवर पाच महिन्यांची धूळ असेल.