पलटणीला ‘तुकडी’ म्हणू नका

प्रश्न असा आहे: अमेरिकी यादवी युद्धातल्या ‘फिफ्टी-फोर्थ मॅसेच्युसेट्स व्हॉलंटियर इन्फन्ट्री रेजिमेंट’ला ‘54वी स्वयंसेवक तुकडी’ म्हणावं का?

मुळीच नाही. स्वयंसेवक म्हटलं की मराठी माणसाला मांडवातला बिल्लेवाला, बिनपगारी कार्यकर्ता आठवतो. इथला व्हॉलंटियर म्हणजे सक्तीने न पकडता आपणहून भरती झालेला पगारी शिपाई. आणि या पलटणीचं तर भांडणच पगाराचं! 1863 साली बॉस्टनजवळ रेडव्हिलला कृष्णवर्णीय शिपायांची ही पलटण उभी राहिली. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. यांना 10, त्यातूनही कपड्यांचे 3 कापायचे. त्यांनी असला पगार घ्यायचंच नाकारलं. 18 जुलैला दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चढाई करताना त्यांचा प्रमुख कर्नल रॉबर्ट शॉ मारला गेला, पलटणीची अडीचशेहून जास्त माणसं मेली, जायबंदी झाली किंवा बेपत्ता झाली, तरी हट्ट सुटला नाही. 1864 मध्ये बरोबरीचा पगार पदरात पडला. त्यांना बिनपगारी वाटणारा शब्द लावणं हा अन्याय आहे. ‘स्वेच्छाभरतीची’ म्हणा.

आता ‘तुकडी’. हे तर रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. दहा कंपन्यांची, कागदावर हजारभर माणसांची रेजिमेंट ही तुकडी कशी? आपल्याकडे पलटण हा खणखणीत शब्द आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आजही ‘जंगी पलटण’ म्हणवते.

हा शब्द इंग्रजी ‘बटालियन’चा अपभ्रंश, असं जुने इंग्रज कोशकार सांगतात, आणि आपले लोक मान डोलावतात. मला हे साफ अमान्य आहे. बटालियनचं काय होतं ते तमिळमध्ये बघा: पट्टाळम. आधी ट, मग ळ, क्रम शाबूत. पलटणीत मात्र प-ल-ट-ण, म्हणजे थेट फ्रेंच ‘पेलोतों’! ‘पेलोत’ म्हणजे गुंडी, सुताचा गुंडा. ‘पेलोतों’ म्हणजे लहान गुंडा, आणि त्यावरून गोळा होऊन उभे राहिलेले शिपाई. इंग्रजांचं ‘प्लाटून’ही त्यातलंच. कवायती पायदळ दख्खनने आधी पाहिलं ते फ्रेंचांकडे. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखालीच तयार झाला होता. पुढे महादजी शिंद्यांच्या कवायती फौजा उभ्या करणारा द बॉयन्यही फ्रेंच बोलणाराच.

यावर आक्षेप येतो की पेलोतों म्हणजे जेमतेम चाळीस-पन्नास माणसं, पलटण तर हजाराची. येईना का! उसना शब्द नव्या घरी फुगतोच. अक्षरांची अदलाबदल मात्र अशी फुकट होत नाही. ती बटालियनवाल्यांनी आधी समजावून द्यावी.