पाचवी-आठवीची परीक्षा आणि मधले दोन महिने : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आणि नापास मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची सोय झाली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत 'ढकलपास' हा विषय सारखा डोकावतो. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

मुलगा पाचवीत गणितात नापास झाला, 50 पैकी 14 गुण. शाळा म्हणते, "दाखला काढून न्या, दुसरीकडे सहावीत बसेल." काय करावे? — एक पालक, बार्शी

दाखला काढू नका. आठवीपर्यंत नापास करू नये असे सांगणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 16 संसदेने 2019 मध्ये बदलले खरे, पण आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही, ही तरतूद बदललेल्या कलमातही कायम आहे. म्हणूनच शाळा 'काढतो' म्हणत नाही, 'काढून न्या' म्हणते. दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' असा शेरा पडला की शाळा मोकळी होते आणि तुम्ही अडकता. शिवाय राज्याच्या 2023 च्या नियमानुसार सहावी ते आठवीत वयानुसार प्रवेश देतानाही मूल पाचवीची परीक्षा उत्तीर्ण असावे लागते. म्हणजे दुसरीकडे सहावीत बसण्याचे आश्वासनही पोकळच आहे.

आता गुणांचे बघू. पाचवीत प्रत्येक विषय 50 गुणांचा आणि उत्तीर्णतेला 35 टक्के, म्हणजे 18 गुण लागतात. (आठवीत विषय 60 गुणांचा, तिथे 21.) तुमच्या मुलाला चार गुण कमी आहेत. नियमात सवलतीचे गुण आहेत, ते धरले होते का, हे आधी विचारा. तरीही नापास असेल, तर जादा शिकवणी आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. मुख्याध्यापकांना एका कागदावर तीन गोष्टी लिहून मागा : उत्तरपत्रिका पाहायला मिळावी, जादा शिकवणीचे वेळापत्रक मिळावे, पुनर्परीक्षेची तारीख कळावी. अर्जाची पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही. आठवड्यात उत्तर आले नाही, तर त्या पोचेची प्रत जोडून केंद्रप्रमुखांकडे आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

आमच्या शाळेत पाचवीची सात मुले पुनर्परीक्षेला आहेत. निकाल 1 मेला आणि परीक्षा जूनमध्ये. मधल्या काळात नेमके काय शिकवावे? जुने पेपर सोडवून घेत आहोत. — शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, पेठ तालुका

कायद्याची सगळी मदार ज्या दोन महिन्यांवर आहे, ते आपल्याकडे उन्हाळी सुट्टीत येतात. त्यामुळे 'जादा शिकवणी' बहुतेक ठिकाणी नोंदवहीत होते आणि जूनमध्ये मूल एप्रिलइतकेच कच्चे बसते. तुम्ही सुट्टीत वर्ग घेत आहात, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीत. पण जुने पेपर बाजूला ठेवा. पाचवीत नापास होणारे मूल बहुधा पाचवीच्या अभ्यासक्रमात अडलेले नसते, ते दुसरी-तिसरीत अडलेले असते. शाब्दिक उदाहरण चुकते ते गणित येत नाही म्हणून की वाचताच येत नाही म्हणून, हे पेपरावरून कळत नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून दहा-पंधरा मिनिटे तपासा. सुरुवात चार सोप्या वाक्यांच्या परिच्छेदापासून करा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्य म्हणून वाचला, तर दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट द्या. परिच्छेद जमला नाही तर शब्द, पाचांपैकी चार बरोबर हवेत. तेही नाही तर अक्षरे, पुन्हा पाचांपैकी चार. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी दोनदा घाला. दोन्ही बरोबर आल्या तर तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. वजाबाकी चुकली तर 10 ते 99 मधले अंक ओळखायला द्या, तिथेही अडले तर 1 ते 9. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात वापरतात ती हीच पद्धत. 2024 च्या असरमध्ये ग्रामीण भारतातली पाचवीची 48.8 टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, म्हणजे निम्म्याहून जास्त वाचू शकत नव्हती. तुमची सात मुले अपवाद नाहीत.

मग गट पातळीप्रमाणे करा. वाचनात 'शब्द' पातळीवरचा मुलगा गणितात भागाकाराच्या गटात असू शकतो, तेव्हा वाचनाचे आणि गणिताचे गट वेगळे ठेवा. रोज दीड तास पुरतो : पाऊण तास वाचन-लेखन, पाऊण तास गणित. आठवड्याला पाच दिवस धरले तर सहा आठवड्यांत 30 दिवस हाती येतात. मे महिन्यात वर्ग सकाळी साडेसातला भरवा, दहानंतर पत्र्याखाली कोणी शिकत नाही.

अक्षर-शब्द गटाला बाराखडीचा तक्ता रोज, पण घोकंपट्टी म्हणून नको. तक्त्यातून मुलांनी स्वतः शब्द बनवायचे : 'का', 'मा' आणि 'म' घेऊन 'मामा', 'काका', 'काम'. जोडाक्षरे नंतर घ्या. परिच्छेद गटाला गोष्ट आधी तुम्ही वाचून दाखवा, मग सगळ्यांनी बोट ठेवून, मग एकेकाने. शेवटी त्याच गोष्टीवर दोन ओळी त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नका. गणितात काड्या आणि दहा काड्यांचे गठ्ठे हवेतच. 52 मधून 27 काढताना गठ्ठा सोडवावा लागतो, हे हाताने केले की हातचा समजतो. फळ्यावर 'शेजारच्याकडून उसना घ्या' एवढे सांगून तो समजत नाही. खेळण्यातल्या 100, 10 आणि 1 च्या नोटाही चालतात.

दर दहा दिवसांनी पुन्हा तीच तपासणी करा, मजकूर मात्र वेगळा घ्या, आणि मूल पुढे गेले असेल तर गट बदला. इथेच बहुतेकांचे चुकते. पहिल्या दिवशी पाडलेले गट शेवटपर्यंत तसेच राहतात आणि मग 'ढ गट' तयार होतो. पाचवीचे पेपर शेवटच्या आठ दिवसांत काढा, प्रश्नांचा साचा कळावा एवढ्यापुरतेच.

यातले काहीच नवे नाही. 2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत 'बालसखी' उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना दिवसातून दोन तास वर्गाबाहेर घेऊन स्थानिक तरुणी पायाभूत गोष्टी शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्या मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली.

नापास न करण्याच्या धोरणाने पिढी बिघडली. पूर्वीसारखे प्रत्येक इयत्तेत गाळणे हाच उपाय नाही का? — निवृत्त मुख्याध्यापक, कराड

गाळलेली मुले कुठे गेली, हे आधी पाहावे लागेल. नापास मुलाला पुढच्या वर्षी तेच पुस्तक, तोच धडा आणि बहुधा तीच पद्धत मिळे. तिसरीत वाचता न येणारे मूल तिसरीतच आणखी एक वर्ष बसल्याने वाचू लागत नाही. त्यातून शाळा सुटे, आणि आधी मुलींची सुटे.

मात्र तुमच्या रागातला अर्धा भाग रास्त आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या कायद्यात कलम 16 एकटे नव्हते. कलम 24 मध्ये प्रत्येक मुलाची कुवत पाहून जादा शिकवण्याचे काम शिक्षकावर होते, कलम 29 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होते. 'नापास करू नका' हे वाक्य एका परिपत्रकाने लागू होते. जादा शिकवायला माणूस, वेळ आणि पैसा लागतो. पहिले झाले, दुसरे राहिले. 2019 च्या दुरुस्तीने परीक्षा आणली आणि मागे ठेवायचे की नाही, ते राज्यांवर सोपवले. तमिळनाडूने मागे न ठेवण्याचे धोरण राखले, तर केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांसह आपल्या शाळांना मागे ठेवण्याची मुभा दिली. पण जे पहिल्या दोन वर्षांत राहून गेले, ते पाचवीच्या एप्रिलमध्ये कळून फार उशीर झालेला असतो.

एक सावधगिरी : 'गाळायचे तर बोर्डासारखा एकच पेपर काढा' असेही काही जण सुचवतात. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाची परीक्षा नको, असे कलम 30 सांगते. कर्नाटकने पाचवी, आठवी, नववीला तसा प्रयत्न केला आणि एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल थांबवले.

शाळा व्यवस्थापन समितीत आहे. तिसरी-चौथीच्या सगळ्या मुलांना 'ब' किंवा 'क' श्रेणी, तरी निम्म्यांना वाचता येत नाही. हे कसे? — समिती सदस्य, वेंगुर्ले

तिसरी-चौथीत आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाला 60 आणि संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला) 40 भार आहे. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने येतात. त्यांच्या नोंदी वर्षभर करायच्या, पण त्या मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या जातात आणि मग सगळी मुले 'आवडीने सहभागी' होतात. 33 टक्क्यांखालच्या, म्हणजे 'इ' श्रेणीतल्या मुलाला जादा मदत देऊन 'ड'पर्यंत आणायचे, अशी मूळ सूचना आहे. 'इ' लिहिले की काम वाढते, म्हणून 'इ' लिहिलेच जात नाही.

समितीने नोंदवह्या तपासत बसू नये. बैठकीआधी अर्धा तास दुसरीचे पुस्तक घेऊन चौथीची दहा मुले वाचायला बसवा. किती जणांनी वाचले, तो आकडा इतिवृत्तात लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. मुलांची नावे लिहू नका आणि शिक्षकांना आधी कळवा. अचानक धाड घातलीत तर पुढच्या वेळी फक्त वाचणारीच मुले समोर येतील.

ऊसतोड कुटुंबातली पाचवीतली मुलगी दिवाळीनंतर गेली, एप्रिलच्या शेवटी परतली. वार्षिक परीक्षा हुकली. — शिक्षक, पाटोदा तालुका

तिला 'गैरहजर, नापास' म्हणून थेट पाचवीत ठेवू नका, पुनर्परीक्षेला बसवा आणि वरचीच तपासणी आधी करा. साखर कारखान्याजवळच्या शाळेत ती गेली असेल, तर तिथली हजेरी आणि मूल्यमापनाच्या नोंदी फोनवरून मागवा. पुढच्या हंगामासाठी निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या शाळेत दाखवायचा, तिच्या शिकण्याची नोंद असलेला कागद) हातात द्या आणि गावातले हंगामी वसतिगृह वेळेत सुरू होईल हे पाहा. ते कुटुंबे निघून गेल्यावर सुरू झाले, तर रिकामेच राहते. यूडायसवर (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) तिची नोंद 'शाळाबाह्य' अशी करू नका, नाहीतर परतल्यावर तिचे नाव शोधताना दोन्ही शाळांची दमछाक होते.

मुलगा नववीत कच्चा आहे. शाळा म्हणते, "दहावीला 17 नंबरचा फॉर्म भरा." — एक पालक, मालेगाव

नववीला कलम 16 चे संरक्षण नाही, त्यामुळे शाळांचा दबाव इथे सर्वांत जास्त असतो. मुलगा नियमित विद्यार्थी असेल आणि नववी उत्तीर्ण होत असेल, तर दहावीचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून त्याला खाजगी विद्यार्थी करण्याचे कारण नाही. तशा अर्जावर सही करू नका. नववीत खरोखरच नापास झाला, तर त्याच शाळेत नववी पुन्हा करणे आणि 17 नंबर यांत निवड करताना एवढेच पाहा : रोज त्याला शिकवायला घरी किंवा शिकवणीत कोणी आहे का? नसेल तर शाळा सोडू नका.