वाचकांचे प्रश्न : भुतांची फेरी आणि घरची नवी गाडी

प्रश्न : आम्ही बालेवाडीत पाच इमारतींच्या सोसायटीत राहतो. ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, येथील मुले भुताखेतांचे वेश करून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत घरोघरी खाऊ गोळा करतात. आमची मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा आहे. कोणाच्याही घरचा खाऊ मुलांनी खाऊ नये, या भीतीने सासूबाईंचा या फेरीलाच विरोध आहे. मुलांना पाठवावे का? पाठवल्यास कोणती काळजी घ्यावी? — एक आई, बालेवाडी

उत्तर : अवश्य पाठवा. सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु तिचा रोख खाऊपेक्षा चाकांकडे असायला हवा. ही प्रथा जिथे रुजली त्या अमेरिकेत विषारी चॉकलेटांच्या कहाण्या दरवर्षी उठतात. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशके अशा बातम्यांचा माग काढला, पण अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोविनच्या खाऊमुळे मूल दगावल्याचे एकही खात्रीलायक उदाहरण त्यांना सापडले नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एका मुलाचा विष घातलेल्या खाऊने मृत्यू झाला खरा, परंतु ते विष घालणारा त्याचा स्वतःचाच बाप होता.

वाहनांचे चित्र मात्र वेगळे आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अमेरिकेतील अपघातांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले, की आगेमागच्या आठवड्यांतील त्याच वाराच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त होता आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो सुमारे दहापट होता. तुमचा मुलगा नेमका याच वयाचा आहे.

आमच्याकडे मुले सोसायटीच्या फाटकाबाहेर जात नाहीत, असे आपण म्हणाल. पण पुण्यात ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसहापर्यंत अंधारून येते आणि कचेऱ्यांतून परतणाऱ्या गाड्या, खाऊ पोहोचवणाऱ्यांच्या दुचाकी आणि क्लासला निघालेली मोठी मुले एकाच रॅम्पवर येतात. त्या गर्दीत काळे डगले घातलेली लहान मुले एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत धावत असतील, तर चालकाच्या सावधपणावर सारा भरवसा टाकणे योग्य नाही. भोंडल्याची खिरापत ओळखायला मुली या घरातून त्या घरात जात, तेव्हा वाड्याच्या चौकात मोटार नसे. आपल्या मुलांचे अंगण म्हणजे पार्किंगच आहे. (दिवाळीतील किल्लेसुद्धा त्याच कोपऱ्यात बांधले जातात, त्यामुळे हा प्रश्न एका संध्याकाळपुरता नाही.)

म्हणून सोसायटीच्या समितीशी आधीच बोलून सहा ते आठ या वेळेत इमारतींमधील मोकळ्या भागात वाहनांना बंदी करून घ्यावी. डिलिव्हरीवाल्यांना फाटकापाशी थांबवावे आणि रॅम्पच्या तोंडाशी वॉचमनबरोबर एक पालकही उभा करावा. संपूर्ण बंदी शक्य नसेल, तर प्रत्येक गटाने एकाच इमारतीत फिरावे; लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊन जिन्याने एकेक मजला खाली येत गेल्यास मुले दमत नाहीत आणि पार्किंग ओलांडण्याची वेळही येत नाही. गटाच्या पुढे एक आणि मागे एक मोठे माणूस असावे. मागच्या माणसाची जबाबदारी अधिक, कारण रेंगाळणारे आणि बुटाची नाडी बांधायला बसणारे मूल त्याच्याच वाट्याला येते. नऊ वर्षांच्या ताईवर पाच वर्षांच्या भावाची जबाबदारी टाकू नये. खाऊ दिसला की तीही धावणारच.

वेश घोट्याच्या वर राहील एवढाच लांब असावा. मुखवट्याने बाजूचे दिसत नाही, म्हणून चेहरा रंगवलेला बरा, मात्र तो रंग आदल्या दिवशी हातावर लावून पाहावा. काळ्या डगल्याच्या पाठीवर आणि खाऊच्या पिशवीवर सायकलवर लावतात तशी चमकणारी पट्टी चिकटवावी. दिवाळी याच दिवसांत आली, तर दारातील पणत्यांकडेही लक्ष हवे. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, आणि झुळझुळीत कृत्रिम कापडाचा लोंबता डगला पणतीवरून गेल्यास क्षणात पेट घेतो.

खाऊबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तो घरी आणून मोठ्यांसमोरच उघडावा आणि फाटलेले वेष्टन टाकून द्यावे. चार वर्षांखालील भावंडांना कडक गोळ्या, चिक्की आणि अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कारण ते घशात अडकतात. एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्यास गटातील मोठ्यांना ते आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न : जुनी हॅचबॅक काढून आम्ही क्रॉसओव्हर घेणार आहोत. घरी आम्ही दोघे, चार आणि सात वर्षांची मुले आणि गुडघेदुखी असलेली आई असे पाच जण आहोत. सहा एअरबॅग आणि चारी बाजूंचे कॅमेरे आहेत म्हणजे मुलांची चिंता मिटली, असे विक्रेता म्हणतो. ते खरे आहे का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : अर्धे खरे आहे. क्रॉसओव्हरची बांधणी मोटारीसारखीच, चौकट आणि सांगाडा एकसंध असलेली असते. फक्त ती जमिनीपासून उंच असते. आपल्या आईंना त्याचा फायदा होईल, कारण हॅचबॅकसारखे खाली वाकून बसावे लागत नाही आणि मोठ्या एसयूव्हीसारखे चढावेही लागत नाही. तरी निर्णय शोरूममध्ये त्यांना स्वतः दोनतीनदा चढउतर करायला लावूनच घ्यावा.

या उंचीला दुसरी बाजू आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या वाहनांची धडक बसल्यास पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. तिकडच्या अगडबंब पिकअपइतके आपल्याकडील क्रॉसओव्हर उंच नसतात, पण आपण आपली मोजणी करावी. गाडी बंद असताना, हँडब्रेक लावून, धाकट्याला बॉनेटसमोर आणि मग मागच्या दरवाजामागे आपल्या पत्नीचा हात धरून उभे करावे, स्वतः चालकाच्या जागी बसावे आणि तो किती अंतरावर गेल्यावर दिसू लागतो ते पाहावे. टेस्ट ड्राइव्हसाठी विक्रेते सरळ, रुंद रस्ता निवडतात. आपण गाडी स्वतःच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर न्यावी. चढाच्या टोकाशी बॉनेट वर उठते आणि समोर फक्त आकाश दिसते. वरच्या पत्रातील मुले त्याच जागेवरून धावत असतात.

मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे आहेत आणि कॅमेऱ्यांचाही उपयोग होतोच. मात्र धावत आलेल्या मुलाचा इशारा उशिरा मिळू शकतो आणि पावसाळ्यात भिंगावर चिखल बसतो. गाडी हलवण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारण्याला पर्याय नाही.

एअरबॅग मोजण्याऐवजी ‘भारत एनकॅप’ या नव्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचा निकाल पाहावा. या चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाल्या. त्यांत प्रौढांच्या सुरक्षेचे ३२ आणि मुलांच्या सुरक्षेचे ४९ गुण वेगवेगळे दिले जातात. पाच तारे मिळवायला त्यांपैकी अनुक्रमे २७ आणि ४१ लागतात. जाहिरातीत तारेच दिसतात, आपण मुलांचे गुण विचारावेत.

आपली खरी अडचण मागच्या बाकावर येईल. दोन चाइल्ड सीट लावल्यावर मध्ये आईंना बसता येते का? बहुतेक पाच आसनी गाड्यांत ते अवघडच जाते. म्हणून दोन्ही सीट शोरूममध्ये घेऊन जाव्यात, आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला जोडण्यासाठी बाकात दिलेल्या, कड्यांत अडकवाव्यात आणि आईंना प्रत्यक्ष बसवून पाहावे. जमले नाही, तर आईंनी पुढे बसावे आणि आपल्या पत्नीने मागे, किंवा तीन रांगांच्या गाडीचा विचार करावा. मात्र तिसरी रांग उघडली की सामानाची जागा फारशी उरत नाही आणि आयसोफिक्स सहसा दुसऱ्या रांगेतच असते. दसरा किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी हवी असेल, तर ही तपासणी खूप आधी उरकावी. त्या दिवशी शोरूममध्ये पेढे भरपूर मिळतात, वेळ मिळत नाही.

प्रश्न : अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन मी पुढच्या सीटवर बसतो. घर ते बालवाडी एवढ्याशा अंतरात काय होणार? — एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आपण असे बसू नये. टक्कर झाल्यास एअरबॅग आणि आपण स्वतः यांच्यामध्ये नातू सापडेल, आणि ताशी ४० किलोमीटरच्या वेगातही मूल हाताने धरून ठेवणे कोणालाच शक्य नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेले नसल्यास चालकाला एक हजार रुपये दंड होतो, आणि त्यात अंतराची सवलत नाही. जुन्या गाडीत आयसोफिक्स नसेल, तर सीटबेल्टनेच बांधता येणारी चाइल्ड सीट घ्यावी आणि ती मागच्या बाकावर बसवावी. आपणही त्याच्या शेजारी, स्वतःचा पट्टा लावून बसावे.