ग्रीनवॉशिंगला वैतागून हे क्षेत्रच सोडू का?

तू लिहिलंयस की पर्यावरणशास्त्राची डिग्री आता होईल, पण इंटर्नशिपमध्ये कंपनीच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टला हिरवे फोटो आणि गोड वाक्यं लावण्यापलीकडे काही काम मिळालं नाही, सगळा ग्रीनवॉशिंगचा, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचा नुसता देखावाच वाटतोय, त्यापेक्षा डेटा ॲनालिटिक्सला जाऊ का.

वैताग बरोबर आहे. पण खरा मलिदा फोटोंमध्ये नसतो रे, योजनेच्या हिशोबात असतो. एचएफसी-२३ चं प्रकरण वाच. एक रेफ्रिजरंट बनवताना हा गॅस आपोआप निघतो, तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट, आणि तो नष्ट केला की क्योटो हवामान कराराच्या सीडीएम योजनेत कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दलचे विकता येणारे दाखले, मिळायचे. नष्ट करायला खर्च किरकोळ, क्रेडिटचे पैसे भरपूर, मग काही कारखाने क्रेडिटसाठीच हा गॅस जास्त काढतायत असं आकड्यांवरून दिसायला लागलं आणि २०१३ पासून युरोपियन युनियनने आपल्या कार्बन मार्केटमध्ये हे क्रेडिट घेणं बंद केलं. उत्तर आयर्लंडचं तर अजून भारी, २०१२ ला लाकडी पेलेटच्या (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) बॉयलरसाठी सबसिडी सुरू केली ती इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त आणि वर लिमिटच नाही, म्हणजे जेवढं जाळाल तेवढी कमाई! त्यावरून २०१७ ला तिथलं सरकार कोसळलं. गंमत म्हणजे असा फायदा उठवायला बऱ्याचदा नियम मोडावा पण लागत नाही, नियमच तसा लिहिलेला असतो.

हे पकडायला माणूस दोन्हीकडचा लागतो, ज्याला केमिस्ट्रीही कळते आणि एक्सेलही. म्हणून ॲनालिटिक्स शीक, पण इकडचं सोडून नको. जीएचजी प्रोटोकॉल (कंपनीचं उत्सर्जन मोजायची पद्धत), लाइफ सायकल असेसमेंट (वस्तू बनण्यापासून टाकून देईपर्यंतचा पर्यावरणावरचा परिणाम मोजणं), आयएसओ १४०६४ (उत्सर्जन मोजणं आणि तपासणं यांचं मानक) एवढं पक्कं कर आणि व्हेरिफिकेशन (कंपन्यांचे आकडे बाहेरून तपासणं), रेग्युलेटर किंवा पॉलिसी डिझाइनकडे बघ. व्हेरिफिकेशनमध्ये एक गोची आहे, जिचं तपासायचं तीच कंपनी बहुतेक वेळा फी देते, त्यामुळे प्रेशर येतं. इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचार की सस्टेनेबिलिटी टीम कोणाला रिपोर्ट करते, मार्केटिंगला असेल तर काय ते समजून जा.

आणि निर्णय घ्यायच्या आधी तोच इंटर्नशिपवाला रिपोर्ट काढ, "उत्सर्जन इतके टक्के कमी" असा एखादा दावा निवड आणि बेस इयर (ज्या वर्षाशी तुलना केली ते) कुठलं धरलंय, स्कोप ३ (सप्लायर, ग्राहक वगैरे कंपनीबाहेरच्या साखळीतलं उत्सर्जन) आहे की गाळलाय, एकूण कमी झालंय की फक्त प्रति युनिट, हे खोदून बघ. मजा आली तर मला परत लिही, पुढचे कोर्स सुचवतो, आणि कंटाळा आला तर बिनधास्त ॲनालिटिक्सला जा.