आधी पाहिलंस का?

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचल्यापासून अस्वस्थ आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे आपण सगळे मिळून काढतो त्या खुल्या नकाशावर, उपग्रहचित्रं पाहून महिनाभर जागून काढलेली घरं आणि रस्ते कुणीतरी एका फटक्यात उलटवले, म्हणजे काढून टाकून नकाशा पूर्ववत केला, आणि विचारलं तर 'प्रत्यक्ष पडताळणी नाही' एवढंच उत्तर आलं. रिकाम्या नकाशापेक्षा थोडा चुकलेला नकाशा काय वाईट, असं तू विचारतेस.

वाईटच. जागा रिकामी दिसली की माणूस थांबतो, पारावरच्या कुणाला तरी विचारतो. रेघ दिसली की विचारत नाही, सरळ गाडी घालतो.

तुझा चेंजसेट, म्हणजे तू एकगठ्ठा पाठवलेले बदल, मी उघडून पाहिला. कोपरे काटकोनात, रेघा स्वच्छ. हात चांगला आहे तुझा. पण डोंगराच्या पायथ्याला ओळीने जी घरं काढलीस ना, त्या पेंढ्याच्या उडव्या आहेत. वरून झोपडीसारख्या दिसतात, पण सावली गोल पडते, बघ. आणि वाडीतून वर गेलेला तुझा 'रस्ता' म्हणजे भातखाचराचा बांध. मी त्या वाडीत दोनदा जाऊन आलोय म्हणून हे सांगू शकतो. तू पाहिलंस का?

२०११ साली मीही पाहिलं नव्हतं. बिंगची उपग्रहचित्रं वापरायला मिळून थोडेच महिने झाले होते आणि मी घरात बसून मावळातल्या वाड्यांमागून वाड्या काढत सुटलो होतो. एका खिंडीतून पलीकडच्या गावात उतरणारी पुसट रेघ दिसली. 'हायवे=ट्रॅक', म्हणजे गाडी जाईल असा कच्चा रस्ता, अशी खूण टाकून मोकळा झालो. दोन वर्षांनी एसटीच्या थांब्यावर एक माणूस भेटला. गप्पांच्या ओघात म्हणाला, बहिणीला बाळंतपणाला नेताना मोबाईलच्या नकाशात रस्ता दिसला म्हणून जीप त्या खिंडीकडे घातली, तर मध्येच दगडी पायऱ्या. अंधारात गाडी मागे घेत घेत, लांबचा वळसा घालून दवाखाना गाठला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. ती रेघ माझी आहे हे मी त्याला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्याच रविवारी ती खिंड चढलो. ट्रॅकचा पाथ, म्हणजे पायवाट केली, पायऱ्यांचा तुकडा वेगळा तोडून त्याला 'स्टेप्स' (पायऱ्या) लावलं. वीस मिनिटांचं काम.

हैतीचं उदाहरण तू देशील, हे मला ठाऊक आहे. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर शेकडो लोकांनी घरबसल्या पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदतपथकांनी ते वापरले. खरं आहे. मोठा रस्ता, नदीचं पात्र, दाट वस्ती वरून दिसते, ती काढ. चित्र डोंगराळ भागात सरकलेलं असतं, म्हणून आधी जीपीएसने नोंदलेल्या मार्गांशी जुळवून घे. पण रस्त्यावरून जीप जाते का, पावसाळ्यात ओढा ओलांडता येतो का, वाडीला लोक काय म्हणतात, हे वरून दिसत नाही. पुण्याजवळ आंबेगाव बुद्रुक आहे आणि आंबेगाव खुर्दही आहे. कुठलं कुठलं, हे उपग्रह सांगणार आहे का? तिथे जाऊन फलक वाचावा लागतो, माणसाला विचारावं लागतं.

आणि नावं गूगलवरून घेतली असं तू सहज लिहून गेलीस, ते वाचून मात्र राग आला. नकाशा सगळ्यांचा राहतो तो परवान्यामुळे, म्हणजे ज्या अटींवर तो कुणालाही वापरता येतो त्यामुळे. २०१२ मध्ये परवाना बदलला तेव्हा ज्यांची संमती मिळाली नाही त्यांची चांगली, खरी कामंसुद्धा काढून टाकावी लागली. मग उचललेलं कसं ठेवायचं? आणि समजा परवान्याचं सोड, त्या नावाची खात्री तू केलीस का? पुन्हा तेच विचारतोय, पाहिलंस का?

तुझं काम उलटवणाऱ्याने दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या. मीही अनेकांची कामं उलटवली आहेत. माझ्यामुळे नवी मुलं टिकत नाहीत असं तोंडावर ऐकलंय, आणि त्यातली दोघं खरोखर परत आली नाहीत. माझे शब्द कडक होते, ते मी मान्य करतो. निर्णय मात्र आजही तेच घेईन. त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं की मी एका जीपचं ओझं घेऊन बसलोय. कदाचित मीच सांगायला हवं होतं.

तुझी सगळी घरं पुन्हा टाकू नकोस. एका वाडीपासून सुरुवात कर. दिवाळीत गावी जाशील तेव्हा कागदावर नकाशा छापून ने, चालत फिर, पेन्सिलीने खुणा कर. सोर्समध्ये, म्हणजे माहिती कुठून आली त्या रकान्यात, 'प्रत्यक्ष पाहणी' लिही, आणि जे कळलं नाही तिथे 'फिक्समी' (हे दुरुस्त करा) अशी खूण टाकून ठेव. तुमच्या गावाच्या मागून वाहणारा ओढा नकाशात आहे, पण त्याला नाव नाही, मी काल पाहिलं. तुझ्या आजीला विचार. काय म्हणतात त्याला, मलाही कळव.

तुझा
काका